लँडिंग पेज कोणासाठी बदलायचे : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल

३ फेब्रुवारी

आजपासून काम रीतसर सुरू झाले. आमचे सॉफ्टवेअर बिले बनवण्यासाठी, खर्चाच्या नोंदींसाठी आणि कामाचे तास मोजण्यासाठी वापरले जाते. या तिन्हींच्या जाहिराती वेगवेगळ्या चालतात, परंतु जाहिरातीवर क्लिक करणारा प्रत्येक जण एकाच लँडिंग पेजवर येतो. बैठकीत मी एक जाहिरात आणि ते पान पडद्यावर शेजारी शेजारी लावून दाखवले. जाहिरात म्हणते, ‘फोनवरूनच बिल पाठवा’. पानाचा मथळा म्हणतो, ‘आपल्या व्यवसायाचे संपूर्ण व्यवस्थापन’, आणि बिल हा शब्द पहिल्यांदा दिसतो तो तीनदा खाली सरकल्यावर. ज्याला बिल पाठवायचे होते तो तिथपर्यंत थांबत असेल, असे बैठकीतल्या कोणालाही वाटले नाही.

मागणी मात्र याहून बरीच मोठी आली आहे : प्रत्येकाला त्याचे पान दिसले पाहिजे. जाहिरातीचे तीन विषय, नवा किंवा पुन्हा आलेला असे दोन प्रकार, एकटा व्यावसायिक, छोटे ऑफिस आणि हिशेबनीस असे तीन गट, शिवाय फोन आणि संगणक. गुणाकार केला तर छत्तीस पाने होतात. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मजकूर लिहिणाऱ्या सहकारी काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी वहीत तो दोनदा अधोरेखित केला.

६ फेब्रुवारी

छत्तीस पानांबद्दल वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडला. सध्या जाहिरातींतून येणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन जण चाचणी खाते उघडतात. हे प्रमाण ३ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर गेले, म्हणजे एक पंचमांशाने वाढले, तर ती वाढ खरी आहे की योगायोग आहे हे नेहमीच्या कसोट्यांवर (५ टक्के चुकीची मुभा आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची ८० टक्के शक्यता) ठरवण्यासाठी प्रत्येक आवृत्तीला सुमारे १४,००० माणसे लागतात. या पानावर जाहिरातींतून रोज सरासरी १,४०० जण येतात. दोन आवृत्त्यांची तुलना वीस दिवसांत होते; छत्तीस आवृत्त्यांसाठी पाच लाखांहून अधिक माणसे लागतील आणि त्यासाठी जवळजवळ वर्ष जाईल. तोवर जाहिराती, किमती आणि खुद्द सॉफ्टवेअरही बदललेले असेल.

याउलट, मोजमाप न करताच छत्तीस पाने लावून ठेवता येतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच होते. मग एखाद्या पानावर जुनी किंमत राहून गेली तर ती वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण कंपनीतल्या कोणालाच ते पान कधी दिसत नाही. हा मुद्दा सर्वांना पटला. छत्तीसची मागणी तूर्त बाजूला ठेवली आहे, रद्द झालेली नाही.

११ फेब्रुवारी

पान बदलण्याचा निर्णय कोणत्या खुणेवरून घ्यायचा, याची यादी केली. लिहिता लिहिता जाणवले की या खुणा दोन जातींच्या आहेत : भेट देणाऱ्याने स्वतः सांगितलेल्या आणि आपण त्याच्याबद्दल काढलेल्या.

पहिल्या जातीतली सर्वांत भक्कम खूण म्हणजे लिंक. कोणत्या जाहिरातीवरून माणूस आला हे लिंकच्या शेपटीतल्या यूटीएम खुणांमध्ये लिहिलेले असते. त्यातील ‘यू’ म्हणजे अर्चिन. ही कंपनी २००५ मध्ये गूगलने घेतली आणि तिच्यातूनच गूगल ॲनालिटिक्स उभे राहिले. लिंक वाचण्यासाठी काही साठवावे लागत नाही आणि काही ताडावेही लागत नाही. आलेल्या माणसाने बिलाच्या जाहिरातीवर बोट ठेवले, म्हणजे या क्षणी त्याला बिलात रस आहे, एवढेच आपण म्हणतो. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत पसंतीची भाषा कळवतो, तीही याच जातीची खूण.

दुसऱ्या जातीत आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) काढलेले ठिकाण येते. मोबाइल नेटवर्कवर ते कधी कधी माणसाऐवजी मोबाइल कंपनीच्या गेटवेचे (इंटरनेटला जोडणाऱ्या केंद्राचे) ठिकाण निघते, आणि व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे जाणारी जोडणी) चालू असेल तर देशसुद्धा चुकतो. उपकरणावरून काढलेली ऐपत, पाहिलेल्या पानांवरून काढलेला व्यवसाय, हे सगळे त्याच पंगतीतले. ‘हिशेबनीस’ हा आमचा गट मुळात असाच जन्मला होता : ज्याने मदत विभागातील कराविषयीची दोन पाने उघडली तो हिशेबनीस.

कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मोंटुली यांनी ती आणली, ती वेबला मागचे काही आठवत नाही या अडचणीवर उपाय म्हणून. ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात ठेवणे हे तिचे अगदी सुरुवातीचे काम. आज तिच्यावर विसंबून ‘पुन्हा आलेला’ माणूस ओळखायचा तर सफारीची (ॲपलच्या ब्राउझरची) मर्यादा आडवी येते. पानावरील जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी २०१९ पासून सफारी सात दिवसांत पुसते, आणि मार्च २०२० पासून तिथे तृतीय पक्षाच्या (उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच साइटच्या) कुकीज सरसकट बंद आहेत. आठवा दिवस उलटल्यावर परतलेला आयफोनधारक आमच्या लेखी नवाच ठरतो. विचार करून दुसऱ्यांदा येणारी माणसे नेमकी अशीच सावकाश येत असतील, अशी मला शंका आहे.

ठरले असे : पहिल्या फेरीत फक्त लिंकवर आधारलेला बदल करायचा. बदलणार काय, तर मथळा, त्याखालची एक ओळ, स्क्रीनचे एक चित्र आणि पहिल्या बटणावरची अक्षरे. बाकी पान जसेच्या तसे राहील.

१४ फेब्रुवारी

पहिला नमुना तयार झाला आणि तासाभरात मागे घेतला. लिंकमधला शब्द उचलून थेट मथळ्यात टाकायचा, अशी त्याची रचना होती. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने ॲड्रेस बारमध्ये त्या शब्दाच्या जागी एक शिवी लिहिली, आणि आमच्या लोगोखाली, आमच्याच फॉन्टमध्ये, चाळीस पिक्सेल उंचीची शिवी झळकली. त्याचा स्क्रीनशॉट काढून कोणीही कुठेही पाठवू शकला असता. त्यानंतर डेव्हलपरनी त्याच जागी एक छोटा कोड लिहिला, आणि तो पानात चालला. हा प्रकार शिवीहून कितीतरी गंभीर आहे, कारण अशा बनवलेल्या लिंकवरून आमच्याच पानावर कोणाचीही माहिती चोरता येते.

नवी रचना : लिंकमध्ये फक्त एक संकेतांक असेल, आणि आमच्या बाजूला एका तक्त्यात त्या संकेतांकासमोर मजकूर लिहिलेला असेल. तक्त्यात नसलेला कोणताही संकेतांक आला तर डिफॉल्ट, म्हणजे मूळचे सर्वसाधारण, पान दिसेल.

१८ फेब्रुवारी

आज दिवसभर एकाच गोष्टीवर काम केले. मथळा बदलण्याचे काम टॅग मॅनेजरमधून, म्हणजे पान उघडल्यानंतर ब्राउझरमध्ये, होत होते. ऑफिसच्या वेगवान नेटवर्कवर ते कोणाला जाणवले नव्हते. मी एक जुना फोन घेतला, नेटवर्क मुद्दाम मंद केले आणि दुसऱ्या फोनने स्लो मोशनमध्ये त्याचे चित्रण केले. चित्रफितीत स्पष्ट दिसते : आधी जुना मथळा येतो, वाचणारा तो निम्मा वाचतो, मग तो नाहीसा होऊन नवा येतो, नवा मथळा दोन ओळींचा असल्यामुळे खालचे बटण एक बोटभर खाली सरकते. जिथे बटण होते तिथे त्या क्षणी टेकलेले बोट किमतीच्या लिंकवर पडते.

यावर प्रचलित उपाय असा की बदल लागू होईपर्यंत संपूर्ण पान अदृश्य ठेवायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालेल्या गूगल ऑप्टिमाइझ या पानांच्या चाचणीच्या साधनात यासाठी कोडचा एक तयार तुकडा मिळत असे, आणि त्यात पान लपवून ठेवण्याची कमाल मर्यादा मुळात चार सेकंदांची असे. हा उपाय मला पटत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि मांडणीतील हिसक्यांचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा, हे कोअर वेब व्हायटल्सचे (पान वापरण्याच्या अनुभवाच्या गूगलच्या मोजमापांचे) निकष आम्ही स्वतःच्या डॅशबोर्डवर लावून ठेवले आहेत; मथळा नेमका बसावा म्हणून कोरा पडदा दाखवणे म्हणजे त्याच डॅशबोर्डकडे पाठ फिरवणे होय.

म्हणून निवड सर्व्हरच्या बाजूला, शक्यतो सीडीएनच्या (वापरकर्त्याच्या जवळच्या सर्व्हरवरून पाने देणाऱ्या जाळ्याच्या) टोकावर करायची आणि पान तयार होऊनच ब्राउझरकडे जाईल असे पाहायचे. डेव्हलपरच्या मते याला आठवडा लागेल. टॅग मॅनेजरचे काम एका दुपारी झाले होते, हे मार्केटिंगने दोनदा ऐकवले. दोन्ही बाजूंचे खरे आहे.

२५ फेब्रुवारी

कॅशेने, म्हणजे तयार पानांच्या साठ्याने, दगा दिला, आणि सुदैवाने तो चाचणी सर्व्हरवरच दिला. एका डेव्हलपरनी लॉगिन केलेल्यांसाठी ‘पुन्हा स्वागत’ आणि त्यापुढे नाव असा तुकडा उत्साहाने जोडून पाहिला होता. पाच मिनिटांनी डिझायनर सहकाऱ्यांनी आपल्या संगणकावर, लॉगिन न करता, तेच पान उघडले, तर त्यांचे स्वागत त्या डेव्हलपरच्या नावाने झाले. सीडीएनने पहिल्यांदा तयार झालेले पान साठवले आणि पुढच्या प्रत्येकाला तेच दिले. त्याच्या दृष्टीने पत्ता एकच होता, म्हणून पानही एकच होते. खोलीत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण हेच जर प्रत्यक्ष साइटवर घडले असते तर एका ग्राहकाचे नाव अनोळखी माणसांच्या पडद्यांवर फिरले असते.

दोन नियम लिहून ठेवले आहेत. कॅशेची किल्ली पत्ता अधिक आवृत्तीचा संकेतांक अशी जोडून बनेल, म्हणजे एकूण चारच प्रती साठवल्या जातील : तीन विषयांच्या आणि एक डिफॉल्ट. जे काही एखाद्या व्यक्तीचे आहे, मग ते नुसते नाव का असेना, ते साठवल्या जाणाऱ्या पानात येणार नाही. त्याची विनंती वेगळी जाईल आणि तिच्या उत्तरावर ‘साठवू नये’ अशी सूचना असेल. स्वागताचा तुकडा काढून टाकला. आपले नाव वाचून कोणी बिल बनवायला बसत नाही.

२७ फेब्रुवारी

शोधयंत्राच्या बॉटला (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) काय दाखवायचे, हा प्रश्न आला. उत्तर सोपे आहे : संकेतांकाशिवाय येणाऱ्या कोणालाही जे दिसते तेच. बॉट ओळखून त्याला वेगळा मजकूर देणे म्हणजे क्लोकिंग, आणि गूगलच्या नियमांनुसार तो स्पॅमचा प्रकार आहे. संकेतांक असलेल्या पत्त्यांवर कॅनॉनिकल टॅगने (मूळ पत्ता कोणता हे शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणेने) मूळ पानाकडे बोट दाखवले आहे.

६ मार्च

सोमवारी, ३ तारखेला, तुलना सुरू केली : निम्म्या लोकांना जुने पान, निम्म्यांना जाहिरातीशी जुळणारे. आज निकाल पाहिला नाही, फक्त दोन्ही गटांतील माणसे मोजली, आणि तिथेच अडलो. जुन्या गटात नव्यापेक्षा बरीच जास्त माणसे होती. समसमान वाटणीत थोडाफार फरक पडतोच, परंतु त्याला हद्द असते. समजण्यापुरते सांगायचे तर, वीस हजार जणांची वाटणी १०,३१५ आणि ९,६८५ अशी निघाली, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी आहे. माणसे कमी-जास्त होत असतील तर वाटणीतच खोट आहे, आणि तिच्यावर बेतलेला कोणताही निकाल वाचू नये.

संध्याकाळपर्यंत कारण सापडले. कुकीला नकार देणाऱ्यांना आम्ही डिफॉल्ट पान दाखवतो, हे योग्यच आहे. पण मोजणीचा कोड त्या सगळ्यांना ‘जुने पान पाहिलेले’ म्हणून जुन्या गटात जमा करत होता. नकार देणारा माणूस खाते उघडण्याबाबतही बहुधा वेगळाच वागतो, त्यामुळे केवळ संख्या फुगली असे नव्हे, तर तुलनाच वाकडी झाली. चार दिवसांची आकडेवारी फेकून दिली. आता वाटणी आधी होईल आणि संमती देणारेच दोन्ही गटांत मोजले जातील. त्यामुळे माणसे कमी पडतील, म्हणून मुदत तीनऐवजी चार आठवडे केली.

यावरून एक जुना वाद पुन्हा निघाला. नकार देणाऱ्यांनाही लिंकवरून जुळणारा मथळा दाखवायला काय हरकत आहे, त्यासाठी कुकी लागतच नाही? तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. तरी तुलना संपेपर्यंत त्यांना डिफॉल्टच ठेवू, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलाने काय घडले हे सांगता येत नाही.

११ मार्च

तुलना नव्याने सुरू करताना काल सुरक्षिततेसाठी नवे पान फक्त दहा टक्के लोकांना दाखवले. काही मोडले नाही म्हणून आजपासून पन्नास टक्के केले. कालचा दिवस हिशेबात धरायचा नाही, असे मी म्हटले तेव्हा ‘तीही खरीच माणसे आहेत’ असा आक्षेप आला. म्हणून शीटवर गोल आकड्यांचे उदाहरण मांडून दाखवले.

समजा पहिल्या दिवशी जुने पान ९,००० जणांनी पाहिले आणि १८० जणांनी खाते उघडले, म्हणजे २ टक्के. नवे १,००० जणांनी पाहिले आणि २३ जणांनी खाते उघडले, म्हणजे २.३ टक्के. दुसरा दिवस सुट्टीचा, त्यामुळे सगळेच मंद : जुन्यावर ५,००० पैकी ५०, नव्यावर ५,००० पैकी ६०, म्हणजे १ आणि १.२ टक्के. दोन्ही दिवशी नवे पान पुढे आहे. आता बेरीज करा. जुने : १४,००० पैकी २३०, म्हणजे १.६४ टक्के. नवे : ६,००० पैकी ८३, म्हणजे १.३८ टक्के. दोन्ही दिवस जिंकलेले पान बेरजेत हरते, कारण त्याच्या वाट्याची बहुतेक माणसे मंद दिवशी आली. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज स्वतः करून पाहिली आणि शीट मागून घेतली.

१५ मार्च

डॅशबोर्डवर चौथ्याच दिवशी हिरवा पट्टा उमटला, शेजारी ‘९५ टक्के खात्री’. ‘जिंकलो, आता सगळ्यांना दाखवूया’ असा संदेश आला. उत्तर लिहिले की ही खात्री ठरलेल्या संख्येनंतर एकदाच पाहण्यासाठी आहे. रोज डोकावून जिथे हिरवे दिसेल तिथे थांबायचे ठरवले तर काहीच फरक नसलेली पानेही शंभरांत पाचांपेक्षा पुष्कळ अधिक वेळा जिंकलेली दिसतात. डॅशबोर्डवरचा तो रकाना मुदत संपेपर्यंत लपवला आहे. रोज दिसतील ते फक्त गटांतील संख्या, पानाचा वेग आणि त्रुटी.

२० मार्च

मुदत चालू असताना पाच वापरकर्त्यांशी बोललो, मुख्यतः पुढच्या फेरीसाठी ठेवलेल्या ‘हिशेबनीस’ आवृत्तीबद्दल. त्यांच्यापैकी एक जण आमच्या नियमानुसार पक्के हिशेबनीस होते : कराविषयीची पाने त्यांनी चार वेळा उघडली होती. प्रत्यक्षात ते भाषांतरकार निघाले. ‘मला त्यातले काही कळत नाही, म्हणूनच तर पुन्हा पुन्हा वाचत होतो,’ असे ते म्हणाले. त्यांना आम्ही ‘आपल्या सर्व अशिलांचे हिशेब एकाच ठिकाणी’ असा मथळा दाखवणार होतो. दुसऱ्या एका बाईंच्या घरात एकच संगणक तिघे वापरतात. त्यावरचा ‘पुन्हा आलेला माणूस’ नेमका कोण, हे त्यांनाही सांगता आले नाही.

‘आपण किमतींचे पान तीनदा पाहिले, काही मदत हवी का?’ हा आणखी एक प्रस्तावित मजकूर मी कागदावर दाखवला. एका गृहस्थांनी कागद परत सरकवला आणि विचारले, ‘तुम्ही मोजत होता?’ तो मजकूर त्याच संध्याकाळी यादीतून काढला. जाहिरातीचा विषय मथळ्यात आलेला मात्र पाचांपैकी कोणालाही खटकला नाही. दोघांच्या तर तो बदल आहे हेच लक्षात आले नाही.

९ एप्रिल

सोमवारी मुदत संपली, आज निकाल वाचला. दोन्ही गटांतील संख्या जुळतात. जुळणाऱ्या मथळ्याच्या पानावर खाते उघडण्याचे प्रमाण जास्त आहे आणि फरकाची संभाव्य कक्षा शून्याच्या वर आहे. पण कक्षेचे खालचे टोक शून्याला जवळजवळ टेकते. म्हणून अहवालात ‘उपयोग होतो, किती होतो हे ढोबळच सांगता येईल’ असे लिहिले आहे, आणि त्यातला मधला आकडा उचलून सादरीकरणात मोठ्या अक्षरांत टाकू नये अशी विनंती केली आहे. बिल आणि खर्च या विषयांवर परिणाम एकाच दिशेने दिसतो. कामाच्या तासांच्या जाहिरातीवरून आलेली माणसे इतकी थोडी आहेत की त्यांच्याबद्दल वेगळे काही म्हणणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट तपासली. नवा मथळा पाहून जास्त लोक खाते उघडतात, पण पुढे काही करतच नाहीत, असे तर नाही ना? मुदतीच्या पहिल्या तीन आठवड्यांत उघडलेल्या खात्यांपैकी किती जणांनी सात दिवसांत पहिले बिल बनवले किंवा पहिली नोंद केली, हे दोन्ही गटांत पाहिले. प्रमाण घसरलेले नाही. शेवटच्या आठवड्यातील खात्यांचे सात दिवस अजून पुरे व्हायचे आहेत, ती मोजणी १५ तारखेला होईल.

१० एप्रिल

चार पाने कायम केली. नकार देणाऱ्यांनाही आता लिंकवरून जुळणारा मथळा दिसेल. त्यासाठी त्यांच्याबद्दल काहीही साठवले जात नाही. हिशेबनीसांची आवृत्ती अंदाजावर चालणार नाही : त्याऐवजी पानाच्या वरच्या भागात ‘मी दुसऱ्यांचे हिशेब पाहतो’ अशी एक साधी लिंक असेल, ज्याला हवे तो ती स्वतः दाबेल. डिफॉल्ट पानाचा मथळा मजकूर लिहिणाऱ्या सहकारी नव्याने लिहीत आहेत, कारण थेट येणारे सगळे तेच पान पाहतात आणि फेब्रुवारीपासून त्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही.

आवृत्त्यांच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले : जबाबदार कोण, आणि कोणत्या तारखेला आपोआप बंद. तारीख रिकामी ठेवली तर तक्ता ती ओळ स्वीकारत नाही. टॅग मॅनेजरमधला जुना कोड आज दुपारी काढला. त्यात मागच्या वर्षीच्या एका मोहिमेचे बॅनर अजून चालू असल्याचे आढळले, तेही काढले.

फळ्यावरचा छत्तीसचा आकडा अजून तसाच आहे. त्याची पुढची चर्चा मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या आवृत्तीसाठी लागणाऱ्या माणसांची संख्या काढून आणायची आहे.